पानाशेजारचा प्लास्टिकचा कावळा

आमच्या ह्यांना कावळ्यांचं वेड लागलं ते साहेबांमुळे. साहेब कुवेती, माणूस तसा सरळ. वफ्राला त्यांचा मजरा आहे, म्हणजे शेत. काकडी हरितगृहात, बाहेर मोकळ्यावर मका आणि फ्लॉवर. हिवाळ्यात पीक भरात आलं की कावळे कणसं सोलून टाकतात, म्हणून साहेब सुट्टीच्या दिवशी बंदूक घेऊन बसतात. कावळे बंदुकीला ओळखायला लागले तेव्हा साहेबांनी परदेशातून प्लास्टिकचे कावळे मागवले. ते रानात मांडायचे, दाणे टिपत बसल्यासारखे. वरून जाणाऱ्या खऱ्या कावळ्याला वाटतं, खाली पंगत बसली आहे, भीती नाही. तो उतरतो आणि जाळीआडून साहेब छर्रे झाडतात.

शेत त्यांचं, कणसं त्यांची, त्यांनी काय करावं ते करावं. पण कावळे मांडायचं काम आमच्या ह्यांनी न सांगता अंगावर घेतलं. ऑफिसात सीनियर एस्टिमेटर, घरात पाण्याचा ग्लास उचलून ठेवणार नाहीत, आणि तिथे दोन्ही काखांत एकेक कावळा धरून बांधावरून पळत असतात. "सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे पाहिजेत गं, नाहीतर खऱ्यांना संशय येतो," हे मला आमच्या अबू हलीफा भागातल्या फ्लॅटमध्ये जेवताना समजावून सांगायचे. कावळ्याच्या संशयाचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाला बायकोच्या संशयाचा पत्ता नव्हता.

माझा संशय गावच्या घराचा होता. सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांनी रजा मागितली नाही. साहेबांनी नाकारली असं नाही, ह्यांनी मागितलीच नाही. प्रोजेक्ट संपत आला होता आणि साहेबांच्या नजरेत राहायचं होतं. एकुलता एक मुलगा असून दहावा व्हिडिओ कॉलवर बघितला. विधी चुलत दिरांनी केले. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना, आणि का शिवत नाही ते तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून त्याच घरात राहते. सासूबाईंचं हगणंमुतणं तिनेच काढलं. आणि सासूबाई अंथरुणावर असतानाच ह्यांनी त्या घराला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. चुलत दीर फोन तोंडासमोर धरून म्हणाले, "अरे, ताईला बाहेर काढणार नाही एवढं बोल. बघ कसा येतो तो." ह्यांनी कॉलच कापला. नंतर म्हणे, नेटवर्क गेलं होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मंडळी उन्हातून घरी गेली.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा गिऱ्हाईक पक्कं झालं होतं. आदल्या दिवशी वन्संचा मला फोन आला. जागा मोजून गेले म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, "भांडी बांधायला घेऊ काय गं मी?" त्यांना जायला दुसरी जागा नाही. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तिची सोय बघू की कुठेतरी." कुठेतरी म्हणजे कुठे, ते काही सांगितलं नाही.

शिवाय वर्षश्राद्धाचं पान कुठे ठेवायचं हेही ह्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या बाल्कनीत नुसती कबुतरं येतात, कावळे हवेत तर मजऱ्यावर चल. साहेबही तिथेच. एका दगडात दोन पक्षी. मी भात, वडे, खीर, वन्संनी पाठवलेल्या काळ्या वाटाण्यांचं सांबारं असं सगळं करून डब्यात भरलं. फरवानियातल्या मल्याळी दुकानातून केळीचं पान आणलं. साहेबांना यातलं काहीएक सांगितलं नव्हतं. ते तंबूत चहाला गेले तशी ह्यांना घाई झाली. "चल चल, तेवढ्यात उरकून घेऊ." जन्म दिलेल्या आईचं श्राद्ध, आणि हे ते साहेबांच्या चहाच्या वेळात उरकणार!

पाण्याच्या टाकीपासून थोडं दूर, बांधाच्या कडेला पान ठेवलं आणि आम्ही टाकीमागे जाऊन उभे राहिलो. खजुराच्या झाडांवर कावळे होते, पण सकाळपासून छर्रे खाल्लेले. एकही हलेना. मग ह्यांनी हात जोडले आणि बोली सुरू झाली. आई, तुझ्या नावाने देवळाला घंटा देईन. शाळेला पंखे देईन. नातीचं लग्न थाटात करीन.

"अहो, घराचं बोला," मी म्हटलं.

"त्यात प्रॅक्टिकल बघावं लागतं. तुला नाही कळायचं."

कावळ्यांनाही कळलं नसावं, ते बसल्या जागी बसून राहिले. तेव्हा ह्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. रानातला एक प्लास्टिकचा कावळा उचलून आणला आणि पानाशेजारी नीट बसवला, तोंड वाऱ्याकडे करून. मी बघतच राहिले.

"आईला फसवताय?"

"आईला नाही गं, कावळ्याला. आणि भटजींना दर्भाचा चालतो, तर मला प्लास्टिकचा का चालू नये? हा तर दिसतोसुद्धा कावळ्यासारखा!"

माणूस शिकला की काय काय सुचतं त्याला. मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली, स्पष्टच सांगते.

आणि कावळा आला. त्या प्लास्टिकच्याला भुलून उतरला, दोन उड्या मारल्या आणि भातात चोच घातली. हे आनंदाने माझा दंड धरणार एवढ्यात बार झाला. साहेब चहा घेऊन केव्हाच जाळीआड परतले होते. कावळा पानावरच आडवा झाला, खिरीत पंख पसरून.

साहेब लगबगीने आले, पान बघून चपापले. हे काय आहे, म्हणाले. आणि आमचे हे हसत म्हणाले, "काही नाही सर, पिकनिकचं जेवण."

जेवण खराब केलं म्हणून साहेबांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली. ते वळल्याबरोबर ह्यांचं हसू उतरलं. तोंड पांढरंफटक पडलेलं. "शिवला होता ना गं आधी? तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. चोच भातात गेलेली, शीत उचललेलं, सगळं.

"नाही," मी म्हटलं. "शिवायच्या आधीच बार लागला. दहाव्यालाही नाही, आणि आताही नाही."

खोटं बोलले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. हे पानासमोर जाऊन उभे राहिले. मग चपला काढल्या आणि साहेब ऐकताहेत हे दिसत असूनही हात जोडून मोठ्याने म्हणाले, "आई, घर विकत नाही. ताई राहील तिथंच."

"हे तिलाच सांगा," मी म्हटलं, आणि गावचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडून वन्संचा आवाज मलाही ऐकू आला. "बोल रे. आईचं पान ठेवलंस ना? जेवलास का तू?"