तोबाला जाणारी फेरी

स्क्रीनवर सरकत आलेलं भाऊंचं बोट इरागोच्या किनाऱ्याशी थांबायचं. मग भाऊ ते उचलून समुद्रापलीकडे तोबाला टेकवायचे. "रस्ता संपला नाही बे. फेरीत बसला."

अमेरिकेत, सांता क्लारात गाड्यांसाठी नकाशे करणाऱ्या एका कंपनीत भाऊ आणि मी शेजारी बसायचो. जपानच्या किनाऱ्याचा बेचाळीस नंबरचा महामार्ग आमच्या वाट्याला आला होता. मधे समुद्र, गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे उतरलं की नंबर तोच. मी पुण्याचा, त्यामुळे सगळं येतं अशी समजूत. रस्ता तुटलेला दिसला म्हणून मी तो पाण्यावरून सरळ जोडून टाकला.

"शाब्बास! जपानी माणूस बायकापोरांसकट बुडवून राहिला तू." सगळे हसले. मग खुर्ची ओढून भाऊंनी मला फेरीची रेघ टाकायला शिकवलं. 'थांबण्याचा वेळ' हा रकाना आम्ही सगळे रिकामाच सोडायचो. भाऊ मात्र फेरीचं वेळापत्रक शोधून तो भरायचे. "किती थांबायचं ते आधी सांगावं यार. मग माणूस थांबते."

त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. ग्रीन कार्डाची वाट बघण्यात वर्षं चालली होती. वहिनींना इथे नोकरीची परवानगी नव्हती. दोन वर्षं घरात बसून त्या कंटाळल्या आणि नागपूरला आपल्या शाळेत शिकवायला परत गेल्या. कार्ड आलं की वहिनींना घेऊन जपानच्या याच रस्त्याने जायचं, हा भाऊंचा बेत. दर रविवारी फोनवर तेच.

"भाऊ, वहिनींना वेळापत्रक पाठ झालं असेल," मी चिडवायचो. आता त्याची लाज वाटते.

२००८ मधल्या एका सोमवारी भाऊ जॅकेट न काढताच खुर्चीत बसले. "ती म्हणते, आता नाही थांबत. डिव्होर्सचे पेपर पाठवून राहिली."

"होईल हो नीट," मी म्हणालो.

"नाही होणार."

महिन्याभरात आमचा निम्मा विभाग कमी झाला, त्यात भाऊही. नोकरीबरोबर व्हिसा गेला, कार्डाचा अर्जही गेला. ते नागपूरला परतले. मी दोनतीनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. इरागो-तोबा उघडून बघितलं. थांबण्याचा वेळ पुसलेला, आणि 'सेवा बंद'वर खूण. इतक्या वर्षांत भाऊंची ही एकच चूक. फेरी तर तिकडे रोज चालू होती.

मी वेळापत्रक शोधलं, रकाना भरला, खूण काढली. मला तेवढंच दुरुस्त करता आलं.