पऱ्हाटीचा रकाना

इंग्रजी बोलता येतं, एवढ्या भांडवलावर मला ते काम मिळालं. आमचं गाव तलवाड्याकडचं, कापसाचं. परदेशातली एक संस्था आणि बीडची एक संस्था मिळून पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उरणाऱ्या वाळक्या झाडांपासून, फर्निचरच्या फळ्या बनवणार होत्या. लाकूड वाचेल, धूर थांबेल, गावाला कारखाना मिळेल. मी घरोघर जाऊन फॉर्म भरत होते आणि दोन गोऱ्या पाहुण्यांना सगळं इंग्रजीत सांगत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असं छापलेलं. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही लागलं नाही. पारावर, पानटपरीपाशी जे भेटले त्यांना विचारलं, पऱ्हाटीचं काय करता? उत्तर सगळीकडे एकच.

“काय करायचं तिचं? बांधावर ढीग घालायचा अन्‌ द्यायचा पेटवून. फुकट जातीय.”

ते खोटं बोलत नव्हते. त्या ढिगातून रोज मोळी बांधून कोण आणतं, हे त्यांना दिसतच नव्हतं. भाकरी ताटात येते तेव्हा ती भाजलेलीच असते.

शेवटचं घर आमचंच. माझे वडील, आबा, खुर्चीवर, पाहुणे बाजेवर. आबांनीही तेच सांगितलं, फुकट जातीय. गॅसची टाकी रिकामी होती, तशी ती बहुतेकदा असायचीच, म्हणून आई आत चुलीवर चहा करत होती. तिने गुडघ्यावर पऱ्हाटी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. पाहुणीच्या डोळ्यांत धूर गेला, ती डोळे पुसत हसली. आणि मी ‘घरगुती वापर’ या रकान्यात शून्य लिहिलं. मग चहा आला, तो मी प्यायले.

पुढच्या हंगामात ट्रॉल्या आल्या आणि वावरं झाडल्यासारखी साफ झाली. आबा खूश. संक्रांतीपर्यंत आईचं सरपण संपलं. मग ती आणि गल्लीतल्या बाया कोयते घेऊन कालव्याच्या कडेची येडी बाभूळ तोडायला जाऊ लागल्या. काटा तिच्या टाचेत मोडला, टाच पिकली, गेवराईला नेऊन चिरावी लागली. त्यानंतर ती लंगडतच राहिली.

कारखान्याचं म्हणाल तर पऱ्हाटी चिरणारी पाती सहा महिन्यांत मोडली. नवीन पाती परदेशातून यायची होती. ती कुणी मागवायची यावर दोन्ही संस्थांचा पत्रव्यवहार सुरू झाला, त्याची भाषांतरंही मीच केली. पाती काही आली नाहीत, पत्रं मात्र दोन्हीकडून वेळेवर यायची. शेडबाहेरचा ढीग पावसात भिजला, कुजला, त्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. आता तो जाळायच्याही लायकीचा उरला नाही.

तरी प्रकल्पाचा समारोप झाला. मला सन्मानचिन्ह मिळालं, पऱ्हाटीच्याच फळीचा एक गुळगुळीत चौकोन, त्यावर ‘कचऱ्यातून संपत्ती’ असं कोरलेलं. घरी आणलं तेव्हा आईने ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला.

“ही आपलीच पऱ्हाटी हाय का?”

“असेल.”

“काय लिव्हलंय?”

मी वाचून दाखवलं.

“कचरा कुणी म्हनलं हिला?”

“फॉर्ममध्ये तसं आलं होतं.”

“फॉर्म कुणी भरला?”

“मी.”

“कुणाला इचारून?”

“आबांना.”

तिने फळी पदराने पुसली आणि देवळीत नीट उभी केली.

“मला कावून इचारलं न्हाई? मी तर आतच होते, तुमचा च्या करीत.”

मला रडू आलं, पण ते तिच्यासाठी होतं की माझ्या लाजेसाठी, हे खरंच सांगता येत नाही. ती कोयता घेऊन लंगडत कालव्याकडे निघाली. मी मागे गेले नाही. अंतिम अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. त्यात आमच्या घरापुढचं ते शून्य अजून तसंच होतं. खोडायला एक क्षण पुरला असता. मी ते तसंच ठेवून अहवाल पाठवला.