गॅलरीचे दोन पास

मी दोनदा आमदार झालो. दुसऱ्यांदा कसा झालो, ते घरातही कधी बोललो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या एका लहान कारखान्यात पत्रा कापायचे प्रेस होते. काम जलद व्हावं म्हणून मालकाने हात वाचवणाऱ्या जाळ्या काढून टाकल्या होत्या. तिथे एका कामगाराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. वणीकडचा माणूस, माझ्याच वयाचा. माझ्याकडे आला तो भरपाईसाठी नाही.

"माझं झालं ते झालं, साहेब. त्या मशीनवर आता दुसरा बसलाय. जाळी तेवढी लावून घ्या."

मी विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला. मंत्र्याचं उत्तर आधी छापून येतं. खरं काम त्यानंतर असतं. आपला प्रश्न पुकारला की उभं राहायचं आणि उपप्रश्न विचारून मंत्र्याला कोंडीत पकडायचं. प्रश्नावर माझं एकट्याचं नाव होतं. मीच हजर नसलो तर पुढचा प्रश्न पुकारणार आणि छापील उत्तर तेच कायम राहणार.

अधिवेशन नागपूरला होतं. मी मोठ्या तोऱ्यात त्या दोघांसाठी प्रेक्षक गॅलरीचे पास काढून दिले. एक त्याचा, एक मशीनवरच्या नव्याचा. रजा टाकून, डबे बांधून आले बिचारे.

त्या सकाळी आमदार निवासात पक्षातले एक ज्येष्ठ माझ्या खोलीत आले. पलंगावर बसून म्हणाले, "तो कारखानदार आपलाच माणूस आहे. प्रश्न मागे घेऊ नकोस, उगाच बोभाटा होतो. कँटीनमध्ये चहा पीत बस."

"आणि पुढचं तिकीट?"

"म्हणून तर चहा पी म्हणतोय." हसले. पाठ थोपटली.

मी कँटीनमध्ये बसलो. समोर छापील उत्तर होतं. जाळ्या काढल्या हे खरे आहे काय? 'हे खरे नाही.' असल्यास, कोणती कारवाई केली? 'प्रश्न उद्भवत नाही.' भिंतीवरच्या स्पीकरमधून माझं नाव ऐकू आलं. एकदाच. मग दुसऱ्या कुणाचं तरी. मी बिस्कीट संपवलं. कामाचा माणूस म्हणून माझे फोटो छापले जायचे तेव्हा.

गॅलरीत बोलायची परवानगी नसते, हातसुद्धा वर करता येत नाही. दोघं खाली आले, मला शोधत.

"साहेब, तब्येत बरी हाय ना? नाव घेतलं आन तुम्ही नाय. लय घाबरलो आम्ही."

"पोट बिघडलंय," मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारी तो वणीच्या गडावरून देवीचा अंगारा घेऊन घरी आला. उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या कपाळाला लावला. मी मान खाली घातली. मला त्याचाच राग आला. हा संशय का घेत नाही? शिव्या का देत नाही? इतका विश्वास ठेवायला याला सांगितलं कुणी?

तिकीट मिळालं. निवडूनही आलो. जाळी लागली नाही, आणि दीडेक वर्षात त्या नव्याचा हात मनगटापासून गेला. मी दवाखान्यात फळं घेऊन गेलो, हेही लिहायला हवं. ते ज्येष्ठ पुढे मंत्री झाले. त्यांच्या सत्काराला हार मी घातला. आज त्या हाराची चीड येते, हाराची कसली, माझ्याच हातांची.

गेल्या महिन्यात पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी तो वणीकडचा भेटला. नेहमीसारखं विचारलं, "पोट कसंय साहेब?"

मी त्याला रिक्षाथांब्याच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं. चहा, बिस्कीट, तिकीट. पिशवीतली मेथी खाली घसरत होती, ती त्याने एकदा नीट केली.

"त्याला हात गेल्यावरच कळलं होतं," तो म्हणाला. "साहेब विकला गेला, म्हणायचा. मी त्याच्या कानाखाली मारली होती. ज्याचा हात गेलाय त्याच्या, तुमच्यासाठी. तवापासून बोलत नाय तो माझ्याशी."

मी म्हणालो, "मी येतो. त्याच्यासमोर सांगतो."

"तुम्ही नका येऊ," तो म्हणाला. "मी जातो. तुम्ही आलात तर परत तुमचीच सभा व्हईल."

पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तो सातपूरच्या बसकडे निघाला.