शिक्का पडलेली संमती

कल्पना करा, तुम्हाला एका माणसासमोर जाऊन उभं राहायचंय आणि म्हणायचंय, "तुमचं मूल मी दूर घेऊन जातेय. इतकं दूर, की मनात आलं तरी रविवारी भेटायला येता येणार नाही. तुमची हरकत नाही एवढं लिहून द्या." हा माणूस तुमचा वैरी नाही. वैरी असता तर सोपं गेलं असतं. एकेकाळी तुम्ही त्याचे शर्ट वाळत घातलेत, तापात त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्यात. सांगा, सुरुवात कुठल्या शब्दाने कराल?

कवळीताई आठवडाभर हा पहिला शब्द शोधत होती.

कवळीताई हे तिचं गल्लीतलं नाव. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून कवळी बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला आहे. दोन खोल्या, एकीत प्लॅस्टरची धूळ, दुसरीत मेणाचा वास. लोक हसले की ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघते. गल्लीतले म्हणतात, "हिच्यासमोर दात काढायची सोय नाही, लगेच हिशेब मांडते." तिचं काम नाजूक असतं. एकेक दात आधी मेणात बसवायचा, ती मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची, दात पुढे आला तर मागे घ्यायचा, वाकडा असला तर सरळ करायचा. मेण आहे तोवर सगळं हलतं. एकदा मेणाच्या जागी पक्का मसाला ओतून शिजवला की मग दात हलत नाही, कवळी फोडावी लागते. नवीन पोरींना ती पहिल्या दिवशी हेच सांगते, "घाई करायची असेल तर मेणात करा, बाई."

परदेशातल्या मोठ्या लॅबमध्ये तिची मामेबहीण होती. तिने हिच्या कामाचे फोटो दाखवले आणि नोकरी चालून आली. पगार चांगला, राहायला जागा, मुलीला शाळा. अडचण एकच होती. घटस्फोटात मुलीचा ताबा हिच्याकडे आला होता, पण बारा वर्षांच्या पोरीला कायमचं देशाबाहेर न्यायचं तर वडिलांची लेखी संमती हवी. महिनाअखेरीपर्यंत ती संमती तिकडे पोहोचली नाही तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती.

वडील वजनकाट्यावर काटेवाला म्हणून कामाला होते. वजनकाटा म्हणजे रस्त्याच्या पातळीत बसवलेला ट्रकएवढा लोखंडी पाट. शेजारी एक खोली, खोलीला खिडकी, बाहेर लाल आकड्यांचा फलक. वाळूचे, खडीचे, भंगाराचे ट्रक येतात. खिडकीतून काटेवाला ओरडतो, "उतरा!" ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय तो वजन घेत नाही, कारण त्याच्या मते ड्रायव्हर हा माल नव्हे. भरलेल्या गाडीचा आकडा पावतीवर लिहून तो सही करतो. गाडी माल उतरवून रिकामी परत आली की पुन्हा तोलतो, वजाबाकी करतो आणि तेव्हाच शिक्का मारतो : 'वजन बरोबर'. त्याआधी गाडीचा नंबर पावतीशी ताडून पाहतो, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. मालक गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या माणसाचा शिक्का आजवर चुकीच्या कागदावर पडलेला नाही."

त्यांचा घटस्फोट लोकांना सांगता न येण्यासारखा होता. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. दोघंही न बोलणारे. घरात शांतता साचत गेली आणि एक दिवस दोघांनाही श्वास घेता येईना. लग्नात ती त्याला 'अहो' म्हणायची. कोर्टातून बाहेर पडल्यावर 'अहो' गळून पडलं, आणि 'अरे' काही जिभेवर बसेना. तेव्हापासून ती त्याला हाकच मारत नाही. समोर जाऊन उभी राहते आणि तो बघेपर्यंत थांबते.

महिन्यातून एका रविवारी तो मुलीला भेटायला यायचा. यायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, मुलीला फिरवून आणायचा. मुलीला तो 'खडी' म्हणायचा. जन्मली तेव्हा इवलीशी होती, पण हातात घेतल्यावर टोचायची, म्हणून. गेल्या काही महिन्यांत काही ना काही कामं निघाल्याने त्याच्या खेपा चुकल्या होत्या.

जायचं ठरतंय म्हटल्यावर खडीने एवढंच विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"सांगते."

"ते काय म्हणाले ते मला सांगशील ना? तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या."

कवळीताईने दिवस निवडला, वेळही निवडली. सकाळी बांधकामाचे ट्रक एकामागून एक लागतात ती वेळ. काटेवाल्याला मान वर करायला फुरसत नसते तेव्हा. ही निवड तिने मुद्दाम केली हे तिने तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मागे दोन ट्रकचे भोंगे वाजत होते. ती खिडकीशी जाऊन थांबली. त्याने पाहिलं.

"काय झालं? खडी बरी आहे ना?"

"बरी आहे. मला बाहेर नोकरी लागलीय. परदेशात. तिला बरोबर नेतेय. त्यासाठी सही हवी होती."

भोंगा वाजला. "ए, थांब जरा!" तो मागच्या ड्रायव्हरवर खेकसला. मग त्याने कागद ओढून घेतला. त्यावर क्षणभर वाकला. "कुठे करू?"

तिने बोटाने जागा दाखवली. त्याने सही केली, हात डावीकडे गेला, ठप्प असा आवाज आला, आणि कागद खिडकीतून बाहेर. "चला, पुढची गाडी! उतरा!"

जिन्यावर येईपर्यंत तिला हायसं वाटत होतं. घराच्या दारात ते उरलं नाही.

"काय म्हणाले बाबा?" खडीने विचारलं.

आईने खोटं बोलायचा विचार केला. पण पोरीने त्यांचेच शब्द मागितले होते. "'कुठे करू' म्हणाले. सही."

"आणि?"

"गाड्या लागल्या होत्या गं."

खडीने वही ओढून घेतली. वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली. इतके दिवस कवळीताईला भीती होती की तो अडवेल, ओरडेल, कोर्टात खेचेल. तो एक शब्दही न बोलता पोरीला सोडून देईल, या भीतीची तयारीच तिने केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नोटरी करणाऱ्या वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. कागदाच्या मधोमध, बरोबर मुलीच्या नावावर, जांभळा गोल शिक्का होता : 'वजन बरोबर'.

"ताई, पोरीचं वजन करून आणलंत होय?"

कवळीताई शरमेने लाल झाली. रात्रभर कागद पिशवीत होता, तिने उघडून पाहिलाच नव्हता.

"सवयीने मारला असेल त्यांनी."

"सवयीने मारला की शुद्धीत, माझ्या लेखी हा कागद बाद. आणि शिक्का नसता तरी बाद. सही माझ्यासमोर व्हायला हवी. मी सगळं वाचून दाखवते, माणसाला समजलं का विचारते, मग सही. माणूस घेऊन या."

ती पुन्हा काट्यावर गेली. या वेळी दुपारी, रस्ता मोकळा असताना. काटेवाल्याने तो शिक्का बराच वेळ पाहिला. "माझ्या हातून पडला?" म्हणाला. मग, "येतो गुरुवारी."

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. वकीलबाईंनी नवा कागद वाचायला घेतला. प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या. "समजलं?"

"समजलं."

"'...सदर मुलीने आईसोबत कायम वास्तव्यासाठी, परत येण्याची कोणतीही मुदत न ठेवता, देशाबाहेर जाण्यास माझी हरकत नाही.' समजलं?"

त्याने पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"कायम हा शब्द त्या दिवशी तू काढला नव्हतास."

"कागदावर होता."

"तू काढला नव्हतास. गाड्यांच्या वेळेला आलीस. मुद्दाम आलीस ना?"

वकीलबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. कवळीताईच्या हातातली पिशवी चुरगळत होती.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम आले. तुम्ही विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर..." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "अहो, माझ्याकडे महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे हो."

सात वर्षांनी ते 'अहो' बाहेर पडलं होतं. दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

"मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "हो पण म्हणत नाही. हा रविवार दे. पोरगी माझ्याकडे पाठव. मग सांगतो."

रविवारी काटा बंद असतो. कवळीताईने खडीला फाटकापर्यंत सोडलं आणि घरी जाते म्हणून सांगितलं. गेली नाही. रस्त्यापलीकडे टायरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. संमती मिळेल की नाही याची धाकधूक होतीच. पण त्याहून मोठी धाकधूक ही होती, की खडीच आज 'मी नाही येत' म्हणाली तर?

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. खडी अडीच वर्षांची असताना बापाने तिला हट्टाने या काट्यावर उभं केलं होतं. हा काटा ट्रकसाठीचा. वीस-वीस किलोच्या पायऱ्यांनी मोजतो, नऊ-दहा किलोचं पोर त्याच्या खिजगणतीत नसतं. फलकावर शून्य आलं. पोरीने लाल शून्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं, "मी नाहीच?" पुढे कितीतरी दिवस घरात तो विनोद चालला. जेवली नाही की बाप म्हणायचा, "शून्यबाई, उठा."

आता बारा वर्षांची खडी लोखंडी पाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काटेवाला खिडकीत गेला. फलक लागला. चाळीस.

खडीने दोन्ही हात वर केले. रस्त्यापलीकडून शब्द ऐकू येत नव्हते. तो काहीतरी म्हणाला, बहुतेक सवयीने, "उतरा." ती उतरली नाही. तिने मान हलवली आणि जागीच फतकल मारून बसली. मग तो खिडकीतून नाहीसा झाला, खोलीला वळसा घालून बाहेर आला आणि पाटावर तिच्याशेजारी येऊन बसला. फलकावर एकशेवीस आले. पावती फाडायला खिडकीत कुणी नव्हतं. दोघं पाठमोरे बसून बोलत होते, किंवा बोलत नव्हते. ऊन सरकून त्यांच्या पायांवरून पलीकडे गेलं तरी आकडा तोच होता.

संध्याकाळी खडी घरी आली.

"चाळीस आले," ती म्हणाली.

"तुझं वजन छत्तीस आहे."

"बाबा म्हणाले, चार किलो त्यांच्याकडून."

"आणखी काय म्हणाले?"

"ते माझं आणि त्यांचं आहे," खडी म्हणाली, आणि ताट घ्यायला उठली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "मी येतेय, आई. घाबरू नकोस."

सोमवारी काटेवाल्याने कागद वकीलबाईंच्या हातातून मागून घेतला. स्वतः वाचला, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, गाडीचा नंबर ताडावा तसा. 'कायम'वर बोट थांबलं, मग पुढे सरकलं. सही केली. डावा हात खिशातच ठेवला होता. "शिक्का तुमचा," तो वकीलबाईंना म्हणाला. "तुम्हीच मारा."

जिना उतरताना तो पुढे होता. खालच्या पायरीवर थांबून म्हणाला, "फोन करायला लाव तिला. 'कसे आहात, बरा आहे' असलं नको. दिवसभर काय केलं ते सांगायचं."

"सांगेल."

"आणि तू पण गाड्या नसताना बोलत जा."

कागद वेळेत पोहोचला. आता तिकिटं आली आहेत, बॅगा अर्ध्या भरल्या आहेत. लॅबमध्ये कवळीताई शेवटच्या कवळ्या करते आहे. परवा मेणात एक दात बसवताना तिचा हात मध्येच थांबला. तिला आठवलं, काटेवाला भरल्या गाडीच्या पावतीवर फक्त सही करतो. शिक्का नाही. शिक्का गाडी परत आल्यावर, दुसऱ्या खेपेला. संसाराची इतकी वर्षं ती त्याला डबा द्यायला जायची, तिने हजार वेळा पाहिलंय. मग त्या सकाळी तिच्या कागदावर पहिल्याच खेपेला शिक्का कसा पडला? आणि तो क्षणभर कागदावर वाकला होता, तेव्हा जागाच शोधत होता की वाचत होता?

बाद झालेला कागद तिने फेकलेला नाही. बॅगेत तळाशी आहे. काटेवाला आता दर रविवारी येतो, खडीला घेऊन जातो, संध्याकाळी दारात आणून सोडतो. ती दार उघडते, समोर उभी राहते. तो बघतो. तिच्या ओठांवर प्रश्न येतो आणि दरवेळी ती "पाणी देऊ?" एवढंच म्हणते.

तिला खरं विचारायचं असतं ते हे : अहो, तो शिक्का चुकून पडला होता का?