रात्री तुझ्याजवळ कोण झोपतं?

माझी नात तिसरीत आहे. दिवाळी झाली की तिचे आईबाप वसईकडे वीटभट्टीवर जातात, ते होळीला परत येतात. तोवर ती इथे गंजाड गावात माझ्यापाशी असते. यंदा शाळेत नवीन बाई आल्या आणि फळ्यावर रोज एक प्रश्न लिहू लागल्या. मुलांनी घरी विचार करून उत्तर लिहायचं. तुला कशाचा आनंद होतो, कशाची भीती वाटते, असलं काहीतरी. मीही चौथीपर्यंत शाळेत गेले. गुरुजी पाढे विचारायचे. भीती कशाची वाटते हे त्यांना विचारावं लागत नव्हतं, छडी त्यांच्याच हातात असायची.

मग एक दिवस पोरीने प्रश्न वाचून दाखवला, "रात्री तुझ्याजवळ कोण झोपतं?"

तिथे मला काहीतरी काळंबेरं असल्याचा वास आला. आमच्याकडे कोणी गोड बोलून चौकशी केली की मागून काहीतरी जातं. सासऱ्यांना असंच सरकारी लोक शेताबद्दल विचारून गेले, पुढच्या वर्षी शेतात विजेचे खांब. आणि आईबाप जवळ नसले की पोरीला आश्रमशाळेत टाकतात, हे मी पाहिलं होतं. शेजारच्या पाड्यातली एक पोर अशीच गेली. सुट्टीत आली ती केस कापलेली, तोंड मिटलेलं.

"लिही, आई झोपते," मी म्हटलं.

"आई तर भट्टीवर आहे."

"लिही सांगते तर. बा ओटीवर झोपतो, तेही लिही."

"बाई म्हणतात, मनातलं लिहा."

"मनातलं मनात ठेवायचं असतं."

दोन दिवसांनी बाई अंगणात हजर. मी सुकट निवडत होते, उठले नाही.

"आजी, हिची आई आहे का घरात?"

"डहाणूला गेली, बाजाराला."

"आणि बाबा?"

"तोपण."

बाई खालीच बसल्या. "या पाड्यातल्या सगळ्या मुलांचे आईबाप भट्टीवर नाहीतर बोटीवर आहेत. सगळ्यांनी तसंच लिहिलं. हिचेच तेवढे घरी निघाले. म्हटलं, बघून तरी यावं."

दाराआड पोर फिसकन हसली.

"कोण कुठे झोपतं ते तुम्हाला कशाला?" मी म्हटलं. "तुमच्याजवळ कोण झोपतं?"

"मूल कुणापाशी असतं ते कळावं म्हणून विचारलं. माझ्याजवळ कोणी नाही. मी डहाणूला खोली घेऊन राहते. मुलगा नाशिकला, सासूबाईंकडे."

"मग त्याला घाला आश्रमशाळेत."

"का म्हणून? आजी आहे ना त्याची!" बाई फटकन बोलल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हिला नेतील म्हणून खोटं लिहायला लावलंत होय? मी कुठे पाठवणार नाही तिला."

"पोराची शपथ घ्या."

"मुलाची शपथ मी घेत नाही, आजी. पटलं तर माझा शब्द घ्या."

पटकन शपथ घेतली असती तर मी काडीचा विश्वास ठेवला नसता.

त्या संध्याकाळी पोरीने खरं लिहिलं, आजीजवळ झोपते, आजी घोरते. मी लिहू दिलं. बाई बरी असेल. पण सरकारी बाईची बदली होते, आणि पुढची कोण येईल, काय विचारेल, ते कोण सांगणार? या बाई आहेत तोवर पोर इथे आहे, एवढंच मी धरून चालते.