कोंडबाजींनी बाहेरून पाहिलेले कोलंबो

माणूस प्रवासाहून परत येतो तेव्हा त्याच्याजवळ किस्से थोडे असतात. ते पुढे साचत जातात. जऊळक्याच्या स्टेशनावर त्या प्रवासातले आम्ही तिघे एकत्र आलो आणि गाडी लेट असली, की कोलंबोचा विषय निघालाच. दुसऱ्याला हसणे मला मान्य नाही. परंतु ज्यांचे हे किस्से आहेत, तेच ते सर्वांत रंगवून सांगतात, म्हणून लिहितो.

सत्तरनंतरच्या एका हिवाळ्यात वऱ्हाडातल्या आसेगाव-इंझोरीकडची आम्ही काही बौद्ध मंडळी आगगाडीने रामेश्वरला आणि तेथून बोटीने श्रीलंकेस गेलो. राजधानीत एका विहाराच्या धर्मशाळेत मुक्काम होता. आसपासची स्थळे पाहायची आणि शेवटच्या दिवशी केलानियाच्या प्राचीन विहारात फुले वाहायची, असा बेत. मी शाळामास्तर, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले.

मंडळीत कोंडबाजी होते. वय साठीचे, काम शेतमजुरीचे. बालपणी देवळाच्या पायरीखाली उभे राहण्याची सवय अंगी भिनली, ती दीक्षेनंतरही सुटली नव्हती. गावच्या आपल्या लहानशा विहारात ते जात, परंतु परक्या ठिकाणचे मोठे दार दिसले की थबकत आणि म्हणत, "तुमी या जाऊन. मी चपला पाह्यतो."

त्यांच्या पत्नी अंजनाबाई निघतानाच मला म्हणाल्या होत्या, "गुरुजी, मले समुद्र नाही दाखवला तरी चालते. पन केलानियात हा मानूस माह्या संगं आत आला पायजे. मी एकटी फुलं वाहनार नाही. तशीच वापस आनीन."

ती बाई बोलली की करते, हे सारे आसेगाव जाणते.

*

पहिल्या संध्याकाळी आम्ही समुद्रकाठच्या मैदानावर गेलो. सोमपाल नावाचे एक इंग्रजी जाणणारे सिंहली गृहस्थ आमचे वाटाडे होते. सूर्य पाण्यात बुडत होता. त्यांनी अभिमानाने विचारले, "कसा वाटला आमचा समुद्र?"

अंजनाबाईंनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "एवढं पानी, अन् एक पऱ्हाटी भिजत नाही याच्यानं."

मी भाषांतर केले. कपाशीचे झाड समुद्राच्या पाण्याने का भिजवायचे, हे सोमपालांना शेवटपर्यंत उमगले नाही.

कोंडबाजी मागे रस्त्यावरच उभे होते. मी हाक मारली.

"इचारलं का कोनाले?" ते म्हणाले.

"समुद्राला कोणाला विचारायचे?"

त्यांनी काठावरच्या भव्य हॉटेलाकडे बोट दाखवले. "तेवढा मोठा वाडा त्याच्यासमोर बांधला आहे. दर्या त्याहीचाच असन."

*

दुसऱ्या दिवशी वस्तुसंग्रहालय. आत राजाचे सिंहासन आहे, असे सोमपालांनी सांगताच आमच्या मंडळींनी दारात चपला काढल्या. तेथे तसा नियम नव्हता. परंतु राजासमोर चपला घालून कसे जावे? कोंडबाजींनी सर्व जोड ओळीत लावले आणि शेजारी बसले.

मागून काही गोरे प्रवासी आले. त्यांनी ती ओळ पाहिली, कोंडबाजींचा पांढरा फेटा पाहिला आणि मुकाट्याने बूट काढले. त्यांच्यामागून आलेल्यांनीही काढले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पहारेकरी स्वतःच्या बुटांकडे पाहत विचारात पडला होता. बूट सरकारी होते. अखेर त्याने तेही काढून कोंडबाजींपुढे ठेवले.

*

आमच्यातले गुलाबराव तहसिलीत कारकून. इंग्रजी येत नसे, पण येते असा समज पसरू देत. सोमपालांनी एकदा आम्हा सर्वांना घरी जेवू घातले. भातासोबत ओल्या नारळाची लालभडक चटणी होती. सोमपालांनी जपून खाण्यास सांगितले.

"आमाले सांगता? आमी वऱ्हाडातले," म्हणत गुलाबरावांनी मोठा घास घेतला.

थोड्याच वेळात त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. यजमानीण घाबरली. गुलाबराव मला म्हणाले, "सांगा गुरुजी, या पावन भूमीत जेवून राह्यलो, म्हून डोये भरून आले."

मी दुभाष्या होतो. दुभाष्याने पदरचे घालू नये आणि गाळूही नये. वाक्य जसेच्या तसे सांगितले.

यजमानीणबाईंचे मन भरून आले. त्यांनी गुलाबरावांच्या पानात उरलेली सगळी चटणी वाढली.

*

शहरात तळ्याकाठी एक सुरेख विहार आहे. तेथेही कोंडबाजी पायरीशी थांबले.

"अवो, चला ना आत," अंजनाबाई म्हणाल्या.

"चपला कोन पाह्यन?"

"चपला का सोताच्या पायानं जानार आहेत?"

त्यांनी सर्वांच्या चपला गोळा करून एका थैलीत कोंबल्या आणि थैली खांद्याला लावली. "घ्या. आता पाहाले काही उरलं नाही. चला."

दारात एका उपासकाने नम्रपणे सांगितले, की पादत्राणे आत नेता येत नाहीत, थैलीतूनही नाहीत.

कोंडबाजींनी हात पुढे केला. "आन इकडे. थैली कोन पाह्यन?"

त्या दिवशी अंजनाबाई जेवल्या नाहीत.

*

शेवटच्या दिवशी केलानिया. पौर्णिमा होती. शुभ्र वस्त्रांतील माणसांनी आवार भरले होते. कोंडबाजी थैली घेऊन भिंतीशी उभे राहिले. अंजनाबाई फुलांचे तबक घेऊन पायरीवर थांबल्या. त्या ना वर चढत, ना खाली उतरत.

तेवढ्यात एक वृद्ध सिंहली बाई निळ्या कमळांचे तबक घेऊन कोंडबाजींसमोर आली. वाट हवी असेल, असे वाटून ते बाजूला झाले. बाईही बाजूला झाली. ते मागे सरले. ती पुढे आली. अखेर त्यांची पाठ भिंतीला टेकली.

"गुरुजी, बाई काय म्हून राह्यली?"

सोमपालांनी सांगितले आणि मी मराठीत सांगितले: येथे फुले वाहण्यापूर्वी जवळच्या प्रत्येकाने तबकाला हात लावायचा असतो. पुण्य सर्वांचे व्हावे, म्हणून.

"मीनं हात लावलेला चालते?"

"तुम्ही लावल्याशिवाय त्या आत जाणार नाहीत."

कोंडबाजींनी थैली खाली ठेवली. हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला. मग तबकाच्या कडेला बोटे टेकवली. बाईने मान लववली आणि ती आत गेली.

कोंडबाजी थोडा वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिले. नंतर पायरीपर्यंत आले आणि अंजनाबाईंच्या हातातले तबक त्यांनी आपल्या हातात घेतले. दोघे पायऱ्या चढले. कोंडबाजींनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि ते थांबले.

अंजनाबाईंनी विचारले, "आता काय झालं?"

कोंडबाजी मागे वळून आवाराकडे पाहत होते.

"थांब वं. बाहेर कोनी राह्यलं का, पाहू दे."