अथेन्सची शिळा आणि आमच्या गावची सोडत

ज्यांनी जग पाहिलं त्यांनी प्रवासावर लिहावं. मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, तो पोटात घालावा. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. अभ्याससहलीत नाव लागलं आणि साखऱ्याजवळच्या आमच्या गावातून मी थेट ग्रीसला निघालो.

जीव मात्र मागं अडकला होता. आमचं सरपंचपद अनुसूचित जातीसाठी ठरलं होतं. ते बाईसाठी राखीव की कुणालाही खुलं, हे त्याच आठवड्यात तहसीलच्या सोडतीत (चिठ्ठ्या टाकून) ठरणार होतं. बचत गट चालवणाऱ्या माझ्या आईला उभं राहायचं होतं.

"चिठ्ठी बाईची निघाली तर बरं," ती म्हणाली. "न्हाईतर तुझे काका हायेतच की. मला कोण इचारतंय?"

अथेन्स पहिल्यांदा दिसलं ते पांढरंशुभ्र. भोवती खडकाळ डोंगर, मधल्या टेकडीवर देवीचं संगमरवरी मंदिर, लांबवर समुद्र. जमीन आमच्या मुरमाड रानासारखीच. धान्य पुरेना म्हणून हे लोक जहाजं घेऊन बाहेर पडले, हे तिथं उभं राहिल्यावर पटलं. चढताना गुळगुळीत दगडावरून घसरून मी सगळ्यांदेखत खाली बसलो. दुपारी पावाबरोबर काळी फळं आली. जांभळं समजून दोन तोंडात टाकली, तर मिठाचा खडा चावल्यासारखं झालं. ते ऑलिव्ह होते.

अगोरात (बाजार आणि चावडी एकाच जागी) मात्र मी भारावलो. इथंच एक म्हातारा तत्त्वज्ञ येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारत फिरे. शेवटी त्याला विषाचा पेला घ्यावा लागला. तिथल्या संग्रहालयात खाचांच्या ओळी असलेली एक शिळा होती. माहिती सांगणाऱ्या एलेनीबाई म्हणाल्या, "खाचांत लोकांच्या नावांच्या पट्ट्या बसवायच्या आणि नळीतून काळे-पांढरे गोटे सोडायचे. पांढरा आला ती ओळ न्यायनिवाड्याला बसायची, काळा आला ती घरी."

"म्हंजे चिठ्ठीच की!" कळमनुरीचा माझा मित्र जावेद कानाशी म्हणाला. "मग इतक्या दूर काहून आलो बे? तहसीललाच बसलो असतो!"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. कुंभार, सुतार, नावाडी, कुणालाही न्याय करता येईल, हा विश्वास त्या लोकांनी दगडात कोरला होता. धीर करून मी विचारलं, "बायकांच्या पट्ट्या असायच्या?"

"नाही. बायकांच्या नाही, गुलामांच्याही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "नगराची सभा भरायची त्या पलीकडच्या टेकडीवरही त्यांना जागा नव्हती."

त्या दिवसापासून आईचा फोन बंदच लागत होता, त्यामुळे सोडतीचं काय झालं ते कळलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती शिळा डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिचं कौतुक कमी झालं नव्हतं. एवढा मोठा विचार केलेल्या माणसांना घरातलीच माणसं कशी दिसली नाहीत, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

हिंगोली स्टेशनवर आई स्वतः न्यायला आली होती. पाठीवरची पिशवी न उतरवताच मी विचारलं, "काय निघालं?"

"बाईची न्हाई निघाली. खुलं ऱ्हायलं."

मी पिशवी उतरवून खाली ठेवली.

"तोंड काहून पाडून राहिला रे?" आई म्हणाली. "खुलं म्हंजे बाईला मनाई थोडीच हाय? तुझ्या काकाला सांगून आले, मी उभी ऱ्हातेच."